इंगळ्याचा ठेका

आमच्या थिएटरातले जुने वाजवणारे कुठंही भेटले, की चहा यायच्या आत पुंडलिक इंगळ्याचा विषय निघतो. खरे किस्से केव्हाच संपलेत. आता त्या किस्स्यांना पिल्लं झाली आहेत. मी मात्र माझ्या पेटीसमोर घडलेले तेवढेच सांगतो. एक तेवढा ऐकीव आहे, पण तो खुद्द त्याच्याच तोंडून ऐकलेला.

काळ मुक्या सिनेमाचा. पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवायची आणि आवाज आम्ही खाली बसून काढायचो. अमरावतीचं आमचं थिएटर नानासाहेब वकिलांचं. पेटीवर मी, तबल्यावर गुणवंतराव.

एके दिवशी चांदूर बाजारचा हा इंगळे छकड्यात सामान घालून दारात हजर. मुंबईच्या एका बड्या हॉटेलात तो बश्या उचलायचा. तिथं गोऱ्यांचा जाझ बँड होता. त्यातला ड्रमवाला मोठा ढोल पायानं वाजवायचा आणि दोन्ही हात भलतीकडेच चालवायचा. ते पाहता पाहता इंगळ्याच्या हातून इतक्या बश्या फुटल्या, की हॉटेलानं त्याला घरी पाठवलं. गावी येऊन त्यानं मोडलेल्या बँडातला ढोल मिळवला, लोहाराकडून पायानं दाबायचा दांडा घडवून घेतला आणि बायकोच्या माहेरची पितळी परात झांज म्हणून टांगली. बायको परातीपायी महिनाभर बोलली नाही म्हणतात.

नानासाहेबांनी विचारलं, "याला म्हणतात काय?"

"जाझ."

"म्हणजे?"

इंगळ्यानं गुणवंतरावांकडे पाहिलं. "म्हंजे आता तबल्याचं काम नाई."

*

गुणवंतराव गप्प बसणारे नव्हते. वाद्य म्हणजे साक्षात सरस्वती, चुकून पाय लागला तर आपण हात जोडतो, आणि हा माणूस रोज तीन खेळ तिला लाथा घालतो, असं त्यांनी गावभर सांगितलं. शेवटी प्रतिष्ठित मंडळी थिएटरात येऊन बसली.

इंगळे उठला. ढोलासमोर लोटांगण घातलं, धूळ झटकली आणि बसून दणदणीत लाथ हाणली. "सकाळी एकदा पाया पडलो का दिवसभराची माफी," म्हणाला.

मंडळी खवळली. तेव्हा नानासाहेबांनी कोर्टात उभं राहतात तसं उभं राहून सांगितलं, की इंगळ्याचा पाय दांड्याला लागतो, ढोलाला दांडा लागतो. आणि दांडा हे काही वाद्य नव्हे, तेव्हा गुन्हा शाबीत होत नाही. मग त्यांनी सगळ्यांना फुकट पास दिले. धर्म बुडाल्याचं दुःख मंडळींनी पुढच्या खुर्च्यांवर बसून सोसलं.

*

त्याचा एक खास ठेका होता. सगळे जिथं मारतात ती जागा तो मोकळी सोडायचा आणि आपण वाट पाहणं सोडलं, की मग हाणायचा. ऐकणाऱ्याचा पाय आपोआप उचलला जायचा.

दोष एकच. स्वतःच्या परातीपुढं त्याला पडदा दिसायचा नाही. पातूरला तंबूत खेळ लावला होता. पडद्यावर राजा राज्य सोडून वनवासाला निघालेला, प्रजा रडते आहे, मी पेटीवर करुण सूर धरलेला. आणि इंगळ्यानं आपला ठेका सुरू केला. नेमका राजाचा पाय त्या ठेक्यात पडायला लागला. पातूरकर रडायचं सोडून टाळ्या पिटायला लागले. शेवटी ओरडा झाला, "राजाले पुन्हा वनवासाले पाठवा!"

रीळ उलटं गुंडाळून राजाला पुन्हा पाठवावं लागलं. नानासाहेब इंगळ्यावर भरपूर चिडले, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक राजा त्याच ठेक्यावर राज्य सोडेल, असा हुकूम काढला.

*

पुढं अकोल्यात एक मैफल झाली. साथीला गुणवंतराव. गाणं रंगात आलं आणि गुणवंतरावांनी तबल्यावर हळूच एक जागा मोकळी सोडली. मी मागं बसलो होतो, मला कळलं. लोकांनी मान डोलावली. कोणी तरी विचारलं, ही चीज कोणत्या घराण्याची?

"आमच्या वडिलांची," गुणवंतराव म्हणाले.

वडील पटवारी होते. उभ्या हयातीत त्यांची टाळीसुद्धा कधी आरतीत नीट पडली नव्हती.

मी परत येऊन इंगळ्याला हे सांगितलं. वाटलं, भांडायला जाईल. तो तंबाखू मळत म्हणाला, "वाजवू दे ना. ठेका काय माह्या बापाचा हाये? त्याच्या बापाचा हाये."

*

मग बोलपट आला. नानासाहेबांनी यंत्राला हार घातला, आमचे आभार मानले आणि आमच्या जागेवर दोन बाकं टाकली.

पहिल्याच खेळात यंत्राचा आवाज बसला. पडद्यावर नायिका तोंड उघडते आहे आणि काहीच ऐकू येत नाही. पब्लिक बाकं आपटायला लागलं. नानासाहेबांनी इंगळ्याला शोधायला माणसं पिटाळली. तो तिथंच होता, तिकीट काढून बसलेला, आणि सगळ्यांत जोरात शिट्ट्या मारत होता. नानासाहेबांनी अक्षरशः हात जोडले.

"नाई जमत, साहेब," इंगळे म्हणाला. "आज मी पब्लिक हाये."

दुसऱ्या दिवशी मी त्याचं सामान छकड्यात चढवायला गेलो. इंगळे ढोल स्वतःच्या मांडीला टेकवून बसला आणि छकडा वेशीबाहेर पडला.

*

त्यानंतर काय झालं ते सगळं वऱ्हाड जाणतं. लग्नाच्या बँडांनी तो ठेका उचलला. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत नवरदेवाचे घोडे त्यावर चालायला लागले. प्रत्येक बँडाच्या पाटीवर 'इंगळे मास्तरांचे पट्टशिष्य' असं रंगवलेलं. इंगळ्यानं जन्मात कोणाला शिकवलं नव्हतं. एका पाटीवर तर त्याचा फोटो होता. फेटेवाला, मिशीवाला, रुबाबदार. तो त्या बँडमालकाचा सासरा निघाला.

*

आता शेवटचा. केस पिकल्यावर इंगळ्याला पुन्हा वाजवावंसं वाटायला लागलं. अकोल्याच्या एका मोठ्या बँडाला ड्रमवाला पाहिजे होता, म्हणून तो गेला. परत येताना माझ्याकडे चहाला थांबला.

मी विचारलं, काय झालं? म्हणाला, बँडमास्तर जवान पोरगा होता, पण कान तयार होता. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, बाबा, हात बरा हाये, पण इंगळ्याचा ठेका असा नसते. जरा बाजूले बसा, आमचा माणूस वाजवते ते पाहा. मग हा दुपारपर्यंत तिथं बसून ते पाहत राहिला.

"अन् चांगला वाजवते बरं तो माणूस," इंगळे म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "अरे, मग नाव काहून नाई सांगतलं तू?"

इंगळ्यानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"सांगतलं ना. तो म्हणे, इथं येनारे सगळे तेच सांगतात."