खिमुलीनं बंद केलेला उतार

खिमुलीदेवी वनपंचायतीची सरपंच झाली तेव्हा गावातल्या पुरुषांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन हसले. कुणाची गाय कुठं शिरली, कुणी कुठली फांदी तोडली, असली भांडणं मिटवायची. करील बाई, बिघडतंय काय! आणि बाईनं पहिल्याच बैठकीत नौल्यावरचा अख्खा उतार बंद केला.

नौला म्हणजे गावाचा दगडांनी बांधलेला झरा. दोन वर्षांपूर्वीच्या वणव्यात वरच्या उतारावरचे बांज, म्हणजे हिमालयातले ओक, जळाले आणि तेव्हापासून त्याचं पाणी आटत चाललं होतं. बारा महिने हिरव्या असणाऱ्या बांजाखालीच पाणी मुरतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. "यंदा इथं गवताला विळा लावायचा नाही," खिमुली म्हणाली. "मी बांज पेरते. भादव्यातल्या नंदाष्टमीपर्यंत रोपं दिसली नाहीत, तर उतार तुमचा."

यात मरण झालं बायकांचं. गवताला पलीकडच्या डोंगरावर जायचं आणि भारा डोक्यावर घेऊन चढ चढायचा. थोरली जाऊ देबकी मुद्दाम खिमुलीच्या अंगणासमोर भारा टेकवायची.

"सरपंचीणबाई, कंबर मोडली हो आमची. तुमच्या खुर्चीला गादी आहे ना?"

"गादी कुठली दिदी, तुमचीच कुसळं टोचतायत."

पौषात देवीच्या राईत बांजाची फळं पडली. टोप्या घातलेली, बोटाच्या पेराएवढी. खिमुलीनं चार टोपल्या वेचल्या आणि छपराच्या पाटीच्या दगडांवर वाळत घातल्या. मिरच्या, अक्रोड, मुळ्याच्या चकत्या, त्या गावात जे साठवायचं ते आधी छपरावर जातं. सासूनं तिला तसं शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं.

पण एक काळ्या डोक्याचा, निळ्या पंखांचा पक्षी तिथं टपलेला असे. गाव त्याला चोरच म्हणे. एकेक फळ उचलायचा आणि उताराकडे पळायचा. त्याचं बघून आणखी पाच-सहा आले. खिमुली ओटीत खडे घेऊन छपरावर बसू लागली. "मेल्या, तुझ्या बापानं वेचलीत का?" एक खडा नेमका लागला. पक्ष्याचा डावा पंख लोंबू लागला आणि तो कसाबसा उडत गेला. तिला बरं वाटलं. देबकीलाही तिनं ते रंगवून सांगितलं.

तेव्हा पांगती नावाचे एक संशोधक तिच्या गोठ्यावरच्या खोलीत राहत होते. दगड फोडून आत उमटलेली पानं शोधणं हे त्यांचं काम. एक दगड त्यांनी तिला दाखवला. कडेला दाते असलेलं पान, हुबेहूब तिच्या राईतलं.

"हा तुमच्या बांजाचा खापरपणजोबा," ते म्हणाले. "हिमालय पुरता उठलाही नव्हता तेव्हाचा. डोंगर उंच होत गेला, तशी ही भावकी पसरत गेली. कुणी वर थंडीत, कुणी चीनकडे, कुणी पश्चिमेला पार ग्रीस-स्पेनच्या समुद्रापर्यंत. तिथंही बारा महिने हिरवीच आहे."

"झाडाला पाय कुठं असतात?"

"पाखरांनी नेलं. फळं पळवतात, मातीत पुरून ठेवतात, निम्मी विसरून जातात."

"चोरांचंच भलं झालं म्हणायचं," असं म्हणून खिमुलीनं पुढचा खडा उचलला. बी कसं राखायचं हे तिनं त्यांना विचारलंच नाही. चाळीस वर्षं शेती केलेल्या बाईनं ते दगड फोडणाऱ्याला विचारायचं? छे.

आषाढात तिनं खड्डे करून बी पेरलं. वीस दिवस गेले, चाळीस गेले, एकही खड्डा हिरवा होईना. शेवटी तिनं एक फळ उकरून नखानं फोडलं. आत सुकलेला, भुशासारखा हलका गर होता. तसाच दुसऱ्यात, तसाच दहाव्यात. बांजाच्या बियांची ओल गेली की जीव जातो, हे तिला तिथं चिखलात बसून कळलं. चारही टोपल्या तिनं स्वतःच्या हातांनी उन्हात मारल्या होत्या.

नंदाष्टमीच्या सकाळी बायका विळे घेऊन उतारावर आल्या.

"एकही उगवलं नाही," खिमुली म्हणाली. "चूक माझी. मी बी वाळवलं."

कुणी टोमणा मारला नाही. त्याचंच तिला जास्त लागलं. "चल, विळा घे," एवढंच देबकी म्हणाली.

कापणी सुरू झाली. चार मुठी कापल्या आणि देबकीचा हात थांबला. गवताबरोबर एक रोप कापलं गेलं होतं. दातेरी पानं, मागून पांढुरकी.

"खिमुली, या धोंड्याशी खड्डा केला होतास?"

"नाही दिदी. माझे खड्डे तिकडे, सरळ ओळीत."

मग बायकांनी विळे ठेवले आणि हातांनी गवत बाजूला करत गेल्या. धोंड्याच्या आडोशाला, जळक्या खुंटाशेजारी, एके ठिकाणी तर तीन-तीन एकत्र. माणूस असं पेरत नाही. दुपारपर्यंत साठाच्या वर रोपं सापडली आणि प्रत्येकाभोवती बायकांनी दगड लावले. खिमुली सगळ्यांसमोर रडली.

"म्हणजे पुढच्या वर्षीही आमची कंबर मोडणार," देबकी म्हणाली आणि तिनं विळा कमरेला खोचला.

पौष आला. खिमुलीनं राईतून ताजी, ओली फळं आणली आणि छपरावर पसरून गप्प बसली. ओटीत खडे नव्हते. चोर आले. प्रत्येकाचा डावा पंख ती निरखून बघत होती. लोंबत्या पंखाचा त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. महिनाभर ती रोज फळं घेऊन छपरावर चढत राहिली.