मे महिन्यातल्या वरातीला चहा

लग्नाला जायचं की नाही, यावर घरात बराच खल झाला. गुलाबराव माझा जुना दोस्त, गिरडजवळच्या एका लहानशा गावचा शेतकरी. त्याच्या लेकीचं, प्रणालीचं लग्न, आणि गावात नेमकी काविळीची साथ. सिंदी रेल्वे गावच्या व्याह्यांनी आधीच बजावलं होतं, "आमचा एक जरी माणूस पिवळा पडला, तं नव्या सुनेलेच बोल लागन." गुलाबराव फोनवर एवढंच म्हणाला, "तू येजो." मग निघालो.

नागपूर ते जाम रस्ता एकदम मक्खन. जामच्या चौकात ऊन चढायच्या आत तर्री-पोहे खाऊन घ्या. पुढे समुद्रपूरवरून गिरड. टेकडीवरचा दर्गा सकाळीच करा. दुपारी पायऱ्या तव्यासारख्या तापतात.

गावात शिरताना रस्ता खोदलेला. नालीतून गेलेली नळाची पाइप फुटली होती, ती बदलणं चालू होतं. मांडवात आरोग्यसेविका, म्हणजे सगळ्यांच्या सिस्टर, ठाण मांडून बसलेल्या. चुलीवर पाण्याचे गंज उकळत होते. गावचा आचारी नुकताच काविळीतून उठलेला, म्हणून सिस्टरनी त्याला भाजीपासून दूर बसवून पाव्हण्यांच्या खुर्च्या मांडायला लावलं होतं. एका आत्याबाईंनी हळदीचं ताट अडवलं.

"हळदीनं कावीळ वाढते बाई."

"आत्या, कावीळ घाण पाण्यातून येते, न धुतलेल्या हातातून येते. हळद लावा बिनधास्त," सिस्टर म्हणाल्या.

मग असे रंगलो की मला माझा शर्ट ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी वरात वेशीवर आली. बँड जोरात, तरी मांडवामागून ठकठक माझ्या कानावर आली. चहा-सरबताच्या टपरीवर आयुष्य काढलेला माणूस बर्फाची लादी फुटताना ओळखतो. गुलाबरावचा साळा सरबताच्या ड्रममध्ये बर्फ टाकत होता.

"भाऊ, हा बर्फ कोन्त्या पाण्याचा?"

"ते कोन पायते जी? पाव्हण्यायले कोमट सरबत पाजू काय?"

सिस्टरनी ड्रममध्ये डोकावून मान हलवली. रात्रभर पाणी उकळलं होतं, आणि त्यात कुठलं तरी कच्चं पाणी गोठून येऊन पडलं. वरात दारात, आणि पाव्हण्यांच्या हातात द्यायला काही नाही.

"सरबत ओतून द्या," मी म्हणालो, "अन् चुलीवर चहा चढवा." बाह्या मीच वर केल्या.

व्याही घामाघूम. कागदी कप पाहून म्हणाले, "मे महिन्यात चहा? तुमच्या इकडं हिवाळा लागला काय जी?"

गुलाबरावनं खरं तेच सांगितलं, बर्फासकट. व्याह्यांनी उपरण्यानं घाम पुसला. मग घोट घेतला आणि कप पुढे केला. "अजून अर्धा टाका."

पंगतीच्या तोंडाशी सिस्टर साबण घेऊन उभ्या. हात धुतल्याशिवाय नवरदेवालाही पत्रावळ नाही.

निघताना सिस्टरनी सांगितलं होतं, ही कावीळ दिसायला महिना-दीड महिनाही लागतो. त्यामुळे नागपूरला आलो तरी जीव सिंदीतच. पावसाळा लागला, पेरण्या आटोपल्या, आणि एका दुपारी दुकानात व्याह्यांचा फोन. गॅस बंद करूनच उचलला.

"सारे ठणठणीत हाय जी," ते म्हणाले. "पण सूनबाईले तुमच्यासारखा चहा जमून नाई राह्यला. टाकलं काय होतं त्यात?"

"काही नाही जी. उकळी जरा जास्त दिली होती."