गाडी भरली त्या दिवशी

सुधारणा हा शब्द ऐकला की माझं डोकं अजून सणकतं. त्या वर्षी आमच्याकडे दोन सुधारणा एकदमच आल्या, एक कारखान्यात आणि एक गाडीत, आणि मी नेमका दोन्हींच्या मधे सापडलो.

दुष्काळी कामावर खडी फोडल्याला दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या वस्तीतला मशीनवर उभा राहिलेला पहिला माणूस मी. शिरूरच्या अलीकडे ऑइल इंजिनाचे सुटे भाग बनवणारा एक लहानसा कारखाना होता, तिथं मी लेथवर टेंपरवारी होतो. आमच्या वडगाव रासाईत रात्री मुक्कामी एसटी गाडी यायची आणि पहाटे शिरूरला निघायची. ती गाडी होती म्हणून मी कामगार होतो. नाहीतर आबांसारखा, म्हणजे माझ्या वडलांसारखा, दुसऱ्याच्या उसाला रात्रंदिवस पाणी धरत बसलो असतो.

कारखान्यात नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना उत्पादन वाढवायचं होतं. भोंगा झाला की गेट बंद, आणि तिसऱ्या लेटमार्कला टेंपरवारी माणसाचं कार्ड जमा, म्हणजे कामच गेलं. माझे दोन लेटमार्क होऊन बसले होते, दोन्ही त्या गाडीच्याच कृपेनं. एकदा टायर बसला, एकदा गाडी चालूच होईना. महिनाअखेरपर्यंत तिसरा झाला नाही तर मला परमनंट करायचं मॅनेजरांनी कबूल केलं होतं. त्या महिन्यात मी धड झोपलो नाही.

तेवढ्यात डेपोलाही सुधारायची हुक्की आली. रिकाम्या धावणाऱ्या फेऱ्या बंद करायचं ठरलं, आणि आमची गाडी तर रोज निम्मी रिकामीच जायची. ती बघायला एक साहेब मुक्कामाला येणार, ही खबर कंडक्टरनंच आबांच्या कानावर घातली. त्या दिवसापासून आबा घरोघर हिंडले. आधी आमच्या वस्तीत, मग चक्क बागायतदारांच्या दारात.

"गाडी ग्येली तर माझ्या पोराची नोकरी ग्येली. एक दिस समदी शिरूरला चला," एवढंच म्हणायचे.

आणि लोकांनी ऐकलं! ज्यांच्या बांधावर आबांचा जन्म राबण्यात गेला, त्यांनी आबांचा शब्द खाली पडू दिला नाही. आबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

डेपोचे साहेब आले ते नेमके महिनाअखेरीला. आबा माणसं गोळा करायला अंधारातच पुढं गेले. मी नेहमीच्या वेळेला डबा घेऊन निघालो, आणि बघतो तर गाडी गच्च. बायका, पोरं, कांद्याची पोती, एकाच्या काखेत कोंबडी. कंडक्टर दारात आडवा हात लावून उभा.

"उभंसुदिक फुल्ल झालं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "एरवी घेतला असता तुला, पण सायब पुढं बसल्यात. आता एकबी माणूस घेता येत न्हाई."

"अवो, माझी ड्युटी हाय! कुणीतरी एक जण उतरा!" मी ओरडलो.

कुणी हललं नाही. आपण उतरलो तर गाडी बंद होईल, असं ज्याला त्याला वाटत होतं. शेजारची म्हातारी खिडकीतून हसत म्हणाली, "आरं लेकरा, तुझ्यासाठीच तर चाल्लोय आमी! तू ये की मागनं."

पुढं साहेबांच्या शेजारी आबांचं मुंडासं दिसत होतं. मी नेहमीसारखा मागच्या दारानं चढलोय, अशीच त्यांची समजूत. मी हाक मारली तोवर घंटी झाली आणि गाडी हलली.

धुरळ्यात उभा राहून मी रडलो, खोटं कशाला सांगू. मग एकाची सायकल मागून घेतली आणि न्हावऱ्यापर्यंत जीव खाऊन हाणली. तिथं दौंडकडून शिरूरला जाणारी गाडी मिळाली तर भोंग्याआधी पोचायची आशा होती. गाडी आली, पण उशिरा. आत चढल्यावर मी मनातल्या मनात ड्रायव्हरच्या पाया पडत होतो. वाटेत कुणी हात केला की तो माणूस मला सात जन्मांचा वैरी वाटायचा.

पोचलो तेव्हा गेट बंद होतं. बऱ्याच विनवण्या केल्यावर मॅनेजर बाहेर आले.

"साहेब, गाडी भरून गेली. मला घेतलंच नाही."

"परवा तुम्हीच म्हणालात ना, रिकामी जाते म्हणून बंद होणार आहे?" त्यांनी शांतपणे विचारलं. "तुमचं मशीन सकाळपासून उभं आहे. पुढच्या माणसाला काम नाही."

खरं सांगितलं असतं तर तीच मोठी थाप वाटली असती. त्यांनी कार्ड मागितलं, मी दिलं.

दिवसभर कुंपणाबाहेर लिंबाखाली बसून राहिलो. आतून लेथचा आवाज येत होता. माझ्या मशीनवर दुसरा कुणी उभा होता की नाही, कोण जाणे. संध्याकाळी गाडी परत आली तशी कारखान्यासमोर, रोज चढायचो तिथंच, हात केला. दुसरं काही सुचलंच नाही.

आत नुसता दंगा चालला होता. साहेब खूश होऊन गेले होते, गाडी चालू राहणार होती. आबा गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. हातात पेढ्यांचा पुडा.

"गाडी कायम झाली रं! आन् तू? झालास न्हवं परमनंट?"

सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. मी मान डोलावली. आबांनी पेढा माझ्या तोंडात कोंबला आणि वळून ओरडले, "झाला! झाला माझा वाघ!"

दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं दिलेला डबा घेऊन मी मुक्कामी गाडीत बसलो. आबा खाली उभे होते. आत बसायला हवी तेवढी जागा होती. गाव मागं पडल्यावर कंडक्टर जवळ आला.

"कारखाना न्हवं?" त्यानं तिकीट फाडता फाडता विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. "स्टँड."