राक्षसांचा कबड्डी संघ

माझ्या नवऱ्याचा आतेभाऊ काही वर्षं लंडनला होता आणि ही गोष्ट तो कुणालाही विसरू देत नसे. पुण्याला परत येऊन त्याला बरेच दिवस झाले होते, तरी भाजीत मीठ जास्त पडलं की तो "तिकडे ना" अशी सुरुवात करायचा. आमच्या आळे गावातल्या घरी तो जेवायला आला तो ऐन मे महिन्यात. गावात टँकर चालू होता आणि हा आम्हाला तिकडच्या पावसाचा कसा कंटाळा येतो ते सांगत होता. निघताना त्याने गाडीतून बुटांचं एक खोकं काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"वहिनी, हे तुमच्याकडे राहू द्या. तुमच्याकडे जागा भरपूर असते."

खोक्यात करड्या प्लॅस्टिकचे बोटभर उंचीचे राक्षस होते. सुळे बाहेर आलेले, खांद्यावर चिलखत, हातात कुऱ्हाडी नाहीतर काटेरी गदा. काहींना हात नव्हता, एकाला डोकं नव्हतं. हा म्हणे टेबलावर मांडायचा खेळ होता. दोन बाजूंचे राक्षस चेंडू घेऊन पळतात आणि एकमेकांना बडवतात. आतेभावाकडे नवा, पूर्ण संघ आला होता, म्हणून हा मोडका माल आमच्याकडे.

"पण सगळ्यांच्या हातात कुऱ्हाडी आहेत," माझा नवरा म्हणाला, "मग चेंडू धरतात कशानं?"

त्याचं आळेफाट्यावर ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. कुठलीही वस्तू दिसली की ती काम कशी करते, हे त्याला आधी कळायला लागतं. आतेभाऊ नुसता हसला. ओठ न उघडता हसायचा तो. मी दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे तो असा का हसतो ते मला माहीत होतं.

"आम्ही दर रविवारी जमतो पुण्यात. यातनं टीम उभी करता आली तर या खेळायला," तो म्हणाला. "पण अवघड आहे हां वहिनी. त्याला एक नजर लागते."

नजर! माणसाच्या तोंडात कवळी बसवताना केसाइतका फरक राहिला तर त्याला भाकरी चावता येत नाही. असल्या फरकांवर माझं पोट चालत होतं आणि हा मला नजरेचं सांगत होता. त्याची गाडी वळेपर्यंत माझं ठरलं होतं.

त्यांचा तो चेंडूचा खेळ मला करायचाच नव्हता. मी ठरवलं, कबड्डीचा संघ करायचा. आमच्या गावच्या कबड्डी मंडळाची पोरं जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक यात्रेत खेळायची आणि त्यातल्या निम्म्यांनी पुढचे दात त्या मैदानांना दिले होते. ती सगळी माझ्या खुर्चीत पडून गेलेली. त्यांचे जबडे मला त्यांच्या आयांपेक्षा चांगले माहीत होते.

दुपारी पेशंट संपले की दवाखान्यात कामाला बसायचे. खाली फाट्यावर एसटीचे हॉर्न, वर माझ्या मशीनची किरकिर. दात घासायच्या चकतीने मी आधी सगळ्यांच्या कुऱ्हाडी उडवल्या, मग खांद्यांवरचं चिलखत घासून काढलं. जळक्या प्लॅस्टिकचा वास पडद्यात बसला तो गेलाच नाही. गरम पाण्यात हात-पाय मऊ करून वाकवले. चड्ड्या, गुडघ्याचे पट्टे, पिळदार पोटऱ्या, हे सगळं कवळी दुरुस्त करायच्या गुलाबी मसाल्याचं. तो मसाला झटक्यात कडक होतो, त्यामुळे चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. एकमेकांचे हात धरून साखळी करणारे दोन गडी मला सगळ्यात जड गेले. एकाचं बोट बसलं की दुसऱ्याचं मनगट तुटायचं.

चेहरे मात्र पटापट झाले. आमच्या संघाच्या कप्तानाचा वरचा डावा दात अर्धा तुटलेला होता, म्हणून चढाई करणाऱ्या राक्षसाचा डावा सुळा मी अर्धा कापला. दुसऱ्याच्या नाकाचं हाड वाकडं होतं, तेही केलं. अंगाला रंग हिरवा, कारण नवऱ्याच्या दुकानात ट्रॅक्टरचा हिरवा रंग उरला होता. चड्ड्यांना माझं लाल नेलपॉलिश. पाठीवर आकडे कोरले ते दात किडलाय का बघायच्या सुईने.

मग एका रविवारी आम्ही दोघं एसटीने पुण्याला गेलो. आतेभावाच्या फ्लॅटमध्ये आणखी तिघे बसले होते. चांगल्या नोकऱ्यांतले, पोटं सुटलेले बाप्ये. प्रत्येकाकडे आपापल्या राक्षसांसाठी स्पंजचे खण केलेली पेटी. ऑपरेशनची हत्यारंसुद्धा आम्ही इतकी जपत नाही. मी माझा संघ टेबलावर मांडला. एकाने कप्तान उचलला, भिंग लावून पाहिला आणि त्याच्या पायाखालच्या चकतीला मोजपट्टी लावली.

"बेस चुकीचा आहे," तो म्हणाला.

"हे नक्की काय करतायत?" दुसऱ्याने विचारलं.

"कबड्डी," मी म्हणाले.

"बॉल कुठाय?"

"कबड्डीत बॉल नसतो."

हा माणूस पुण्यात जन्मला, पुण्यात वाढला, आणि तरी हे त्याला मी सांगावं लागलं. तिसरा म्हणाला, "क्यूट आहे." नियमात बसत नाही म्हणून माझा संघ त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आम्ही दोघं चिवडा खात त्यांचा खेळ बघत बसलो. खेळ कसला, निम्मा वेळ ते नियमांच्या पुस्तकावरून भांडत होते. आतेभावाचा संघ मात्र देखणा होता, खोटं कशाला बोलू. डोळ्यांत बुबुळं, बुबुळांत ठिपका. मी तसं त्याला म्हटलं. तो मान खाली घालून कसनुसं हसला. तेवढ्यात तो क्यूटवाला म्हणाला, "आमच्या सगळ्यांचंच रंगकाम तो कॉलेजचा मुलगा करतो. मस्त हात आहे त्याचा."

मी आतेभावाकडे पाहिलं. तो फाशांकडे पाहत होता. नजर भाड्याने आणली होती तर.

परत आल्यावर मी संघ दवाखान्याच्या काचेच्या कपाटात ठेवला, प्लॅस्टरच्या जबड्यांशेजारी. त्याच आठवड्यात खरा कप्तान दाढ ठणकते म्हणून आला. बसल्या बसल्या त्याची नजर कपाटावर गेली. उठून तो काचेला नाक लावून उभा राहिला.

"म्याडम, ह्यो मी न्हाई ना?"

"तूच आहेस."

"लई बेकार दिसतोय."

"तुझा जबडा तू कधी आरशात बघितलायस का?"

तोंडावर हात धरून तो हसला. दुसऱ्या दिवशी अख्खा संघ हजर. कोण कोणता, हे मला सांगावंच लागलं नाही. वाकड्या नाकाचा मात्र रुसला. "बाकी समदं चाललं, पण पोट एवढं न्हाई माजं," म्हणत राहिला. मी पोट घासून दिलं.

खेळायची कल्पना माझ्या नवऱ्याची. कॅरमच्या बोर्डवर त्याने खडूने मैदान आखलं. नियम एकच: चढाई करणाऱ्याने आपला राक्षस सरकवताना खरोखर तोंडाने कबड्डी कबड्डी म्हणायचं. श्वास तुटला की गडी बाद. मग माझ्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर रोज तेच. गालाला रुमाल बांधलेली माणसं सुजलेल्या तोंडाने कबड्डी कबड्डी करायची आणि नंबर आला तरी उठायची नाहीत. पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभरात कुणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं. इथे मला भूल देताना हात थांबवावा लागायचा.

हे असंच चाललं असतं तर बरं होतं. पण मंडळाला अध्यक्ष होते. कबड्डीच्या मैदानात हा माणूस फक्त नारळ फोडायला उतरलेला, पण यात्रेच्या प्रत्येक फ्लेक्सवर पांढऱ्या कपड्यांत, काळा गॉगल लावून, खेळाडूंच्या दुप्पट आकाराचा. एका सकाळी ते दोन माणसं घेऊन दवाखान्यात आले. पेशंटच्या तोंडात माझी हत्यारं होती.

"म्याडम, तुमी आमच्या पोरान्ला राक्षस केलं म्हणं. भावना दुखावल्यात लोकांच्या."

"कुणाच्या?"

त्यांनी बरोबरच्या माणसांकडे पाहिलं. एक जण मोबाईलशी खेळत होता, दुसरा माझ्या पेशंटच्या तोंडात डोकावत होता. मग अध्यक्ष कपाटापाशी गेले. बराच वेळ एकेक मूर्ती बघत राहिले. वळले तेव्हा आवाज उतरला होता.

"पण म्याडम, ह्यात मी कुठंय?"

"तुम्ही कुठे खेळता?"

"अध्यक्षाशिवाय संघ असतो का, राव?"

मी करते म्हणाले. मनात म्हटलं, थांब, बघतेच. खोक्यात तो बिनडोक्याचा राक्षस उरला होता, सगळ्यात जाडा. त्याचं पोट मी तसूभरही कमी केलं नाही. वर डोकं बसवलं, काळा गॉगल घातला, सुळे इतरांपेक्षा मोठे केले आणि अंगाला पांढरा रंग. मला वाटलं, हा माणूस चिडेल, पाय आपटत जाईल, पुन्हा तोंड दाखवणार नाही. त्याने मूर्ती तळहातावर घेतली, उजेडात धरली आणि म्हणाला, "हुबेहूब." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. इतकी मेहनत घेऊन एखाद्याचा अपमान करावा आणि त्याने तो सत्कार समजून घरी न्यावा, याच्यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही.

घरी नेला नाही, हे त्याहून वाईट. अध्यक्षांनी जाहीर केलं की टेबल कबड्डीचा भव्य शुभारंभ करायचा. फाट्यावर मांडव पडला. फ्लेक्सवर त्यांचा फोटो छताएवढा आणि खाली माझा संघ, मुंग्यांची रांग वाटावी असा. भाषणात ते म्हणाले, "मातीतला खेळ मी टेबलावर आणला." मी! नवऱ्याने माझ्या मनगटावर हात ठेवला, म्हणून मी बसून राहिले. मग कॅरमबोर्डवर मांडलेल्या संघाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या पाकळ्या उधळल्या. नारळ फोडायला दगड कुणी आणला नव्हता. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नारळ सरळ बोर्डाच्या कोपऱ्यावर हाणला.

बोर्ड उसळला. माझा संघ हवेत. साखळीतले दोघं खुर्च्यांखाली गेले, कप्तान स्पीकरवर आपटला, आणि नारळाचं पाणी कुंकवात मिसळून सगळ्यांच्या अंगावरून ओघळलं. टाळ्या थांबल्या नाहीत. अध्यक्षांचा पुतळा तेवढा जागेवर उभा होता. बूडच जड होतं.

तालुक्याच्या एका पेपरात फोटो आला. त्यात अध्यक्ष, नारळ आणि माझ्या कोपराचा थोडासा भाग. संध्याकाळी आतेभावाचा फोन.

"वहिनी, फोटो बघितला. छान. पण ते मिनिएचर्स मुळात माझे होते, तर कुठेतरी तसा उल्लेख..."

"तू दिलेले नव्हते, टाकलेले होते," मी म्हणाले आणि फोन ठेवला. तो नंतर बरेच महिने आला नाही. माझ्या सासूबाई हळहळल्या. मी नाही.

दुसऱ्या दिवशी कप्तान आला. खिशातून त्याने कागदाची पुडी काढली. तुटलेला हात होता आत, त्याच्याच मूर्तीचा. मांडव उतरताना तो पाकळ्यांत शोधत बसला होता म्हणे.

"बसंल का, म्याडम?"

मी गुलाबी मसाला कालवला आणि कोपरात हात बसवला. हिरव्या अंगात गुलाबी कोपर. ट्रॅक्टरचा रंग उघडायला गेले तर तो म्हणाला, "नका रंगवू. मैदानात मोडलं की आमचं बी असंच दिसतं." तो पोलीस भरतीच्या तयारीला लागला होता, लवकरच गाव सोडणार होता. "घेऊन जाऊ का ह्यो?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. शर्टाच्या खिशात घालून, वर बटण लावून तो गेला. सबंध प्रकरणात एवढ्या एका माणसाला मी मनापासून काही दिलं.

बाकीचे सहा मी धुऊन पुन्हा रंगवले. सातव्या गड्याच्या जागी बाकावरचे लोक सोड्याच्या बाटलीचं बूच ठेवायला लागले आणि खेळ चालू राहिला. अध्यक्ष कपाटात उभेच. पश्चिमेच्या उन्हाने त्यांचे पांढरे कपडे पिवळे पडत गेले. पुढे कुठल्याशा निवडणुकीवरून मंडळ फुटलं, त्यांनी वेगळं काढलं, आणि नव्या ऑफिसात ठेवायला म्हणून ते स्वतःला न्यायला आले.

"जपून गुंडाळा, म्याडम," ते म्हणाले.

मी कापसात गुंडाळून, वर पट्टी बांधून दिले. कपाटात त्यांच्या जागी एक चांगली जमलेली कवळी ठेवली.