भाऊजींची शिकारीची दुर्बीण

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अर्विंगच्या आपल्या देशी किराणा दुकानात कढीपत्ता निवडत होते. पलीकडून माझी भाची मीरा म्हणाली, "मावशी, बाबा गेले... दुपारी खुर्चीत वाचत बसले होते. आईला वाटलं, डोळा लागलाय." हेवा वाटावा असं मरण! आता काही आठवडे उलटलेत, रडू मागे पडलंय, आणि भाऊजी आठवले की हसूच येतं. ज्या माणसाने जन्मात कधी अंडं खाल्लं नाही, त्याला शेवटच्या वर्षांत टेक्ससमधले शिकारी विचारायला यायचे, की दुर्बीण कोणती घ्यावी?

अविनाश भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळ नागपूरचे. नोकरीनिमित्त इकडे आले आणि इथेच रिटायर झाले. मीरा त्यांची एकुलती एक, इथेच जन्मलेली, जनावरांची डॉक्टर. क्लिनिकमधल्या मैत्रिणींबरोबर ती हरणाच्या शिकारीला जायला लागली, हे कळलं त्या दिवशी भाऊजींनी ताट बाजूला सारलं. "आठवडाभर जनावरं वाचवतेस आणि शनिवारी मारतेस?" मीरानेही ऐकून घेतलं नाही. "बाबा, मी दुकानातलं चिकन खाते तेव्हा तुम्ही काहीच म्हणत नाही. दॅट चिकन ऑल्सो डाइड." झालं! त्या थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत बापलेक एकमेकांशी फक्त ताईमार्फत बोलत. फोन आला की भाऊजी उठून अंगणात जायचे. ताई मला म्हणायची, "अगं, या दोघांच्या मध्ये मी टपाल झालेय."

कोंडी फुटली ती माझ्याच घरी, चहा पिता पिता. मीरा माझ्या नवऱ्याला सांगत होती, की बंदुकीवर दुर्बीण असली तरी तिच्यातून शोधाशोध करायची नसते. कारण जिकडे बघाल तिकडे नळीही वळते. समोर हरीण आहे की माणूस, हे आधी वेगळ्या, हातातल्या दुर्बिणीतून बघायचं. भाऊजी कोपऱ्यात पेपर वाचत असल्याचं सोंग करत होते. एकदम म्हणाले, "आणि तुझ्याबरोबर ते कोण बघतं?" मीरा म्हणाली, "कोणी नाही. मीच बघते... स्वस्तातली आहे माझी, पहाटे नीट दिसत नाही." भाऊजींनी पेपराची घडी घातली. "मग मी येतो. मी फक्त बघणार. बंदुकीला हात लावणार नाही." मीरा उठून माझ्या स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

दुर्बीण घ्यायला त्यांच्याबरोबर मी गेले, कारण ताईने साफ नकार दिला होता. शिकारीच्या सामानाचं ते अवाढव्य दुकान, भिंतीवर पेंढा भरलेली हरणांची मुंडकी... भाऊजी क्षणभर दारातच थबकले. मग आत गेले आणि अख्खी दुपार हलले नाहीत. आधी त्यांना दहापट मोठं दाखवणारी हवी होती. पण ती डोळ्याला लावली की हाताचा बारीक कंपही दहापट व्हायचा. आठपटीची घेतली तर चित्र स्थिर राहिलं आणि उजेडही जास्त आला. चष्मा न काढता पूर्ण गोल दिसतो का, गळ्यात अडकवून तासभर मान दुखत नाही ना, सगळं बघून झालं. "इथे दिव्यांत कुठलीही चांगलीच दिसणार," ते विक्रेत्याला म्हणाले, "मला अंधार पडताना बघायचंय." तो बिचारा दोन दुर्बिणी घेऊन आमच्याबरोबर संध्याकाळी पार्किंगमध्ये आला. समोरच्या झाडावर काळ्या ग्रॅकल पक्ष्यांची शाळा भरली होती. पहिल्या दुर्बिणीत ते नुसते काळे ठिपके होते. दुसरी लावली आणि भाऊजी हळूच म्हणाले, "काय बाप्पा... एकेकाचा पिवळा डोळा दिसतोय गं!" तीच घेतली.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण दोघांनीही सांगितलंय. नोव्हेंबरातली पहाट होती. शेताच्या कडेला लाकडी खोपटात दोघं दबा धरून बसलेली. झाडीतून मोठ्या शिंगांचं हरीण बाहेर आलं आणि आडवं उभं राहिलं. मीराने बंदूक खांद्याला लावली. भाऊजींची दुर्बीण मात्र हरणाच्या मागे, अजून काळोख असलेल्या झुडपांवर होती. तिथे त्यांना एक फांदी हलल्यासारखी वाटली. मग फांदीला कोपर दिसलं. "मीरा, थांब. माणूस आहे." तिने लगेच बंदूक खाली केली. शेतमालकाचा एक गडी तारेचं कुंपण दुरुस्त करायला भल्या पहाटे येऊन बसला होता, कुणालाही न सांगता. हरीण निघून गेलं. भाऊजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि थर्मासमधला चहा ओतून दिला. मीरा मला म्हणाली होती, "मावशी, बाबा डिडन्ट से, आय टोल्ड यू सो. नॉट वन्स."

त्यानंतर दर मोसमात ते तिच्याबरोबर गेले. तिने हरीण मारलं की ते पाठ करून उभे राहायचे, मांस कधी घरात येऊ दिलं नाही. मारणं त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही आणि ते त्यांनी लपवलंही नाही. पण गाडीत जाता-येता दोघांच्या गप्पा संपायच्या नाहीत. मीराचे शिकारी मित्र घरी येऊन विचारायचे, "अंकल, कुठली घेऊ?" आणि भाऊजी त्यांना संध्याकाळ होईपर्यंत पोहे खायला घालून बसवून ठेवायचे.

परवा सकाळी ताईकडे गेले तर ती मागच्या दाराशी टेबलावर चहा ठेवून बसली होती, डोळ्यांना तीच दुर्बीण. कुंपणावर लाल कार्डिनल पक्षी आला होता. मी म्हटलं, "नीट दिसतंय का गं?"

"डाव्या डोळ्याला छान दिसतं. उजव्याला जरा धूसर," ती म्हणाली. "त्या बाजूला एक कडं असतं, ते ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे फिरवायचं असतं म्हणे. मीरा देत होती फिरवून."

"मग?"

"नको म्हटलं. ते त्यांच्या डोळ्याला लावलेलं आहे... राहू दे." आणि कोपरं टेबलावर नीट टेकवून ती पुन्हा पक्षी बघू लागली.