फ्रिगेटच्या दोरशिड्या

"मी काय, नुसता दोरा धरला!" या एका वाक्यानं मी तीन हिवाळ्यांची मेहनत नवऱ्याच्या नावावर करून मोकळी झाले. वर लाजलेसुद्धा. पंचावन्न वर्षांची बाई, नात झालेली, आणि लाजते कसली! आठवलं की स्वतःचाच कान पिळावासा वाटतो.

हे गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झाले आणि अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या घरी, बेसमेंटमध्ये, अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच फ्रिगेटचं लाकडी मॉडेल करत बसले. तीन डोलकाठ्यांचं चपळ लढाऊ जहाज. सांगाडा सुरेख जमला, पण डोलकाठ्यांवर चढायच्या दोरशिड्या आल्या आणि यांचं घोडं अडलं. पुस्तकातली खलाशांची गाठ काही बसेना. मी चित्र पाहिलं. "अहो, ही तर गजऱ्याची गाठ!" लहानपणी ओंजळ ओंजळ मोगरा अशाच गाठीत आवळला होता. तीन हिवाळे खपून सगळ्या शिड्या मी बांधल्या.

मॉडेल क्लबच्या प्रदर्शनात कार्डावर नाव फक्त यांचं. अध्यक्षांनी "तुम्हीही मदत केलीत का?" विचारलं, तेव्हा मी ते दिव्य वाक्य बोलले. हे शेजारीच चीज खात उभे. तोंडात घास होता म्हणून गप्प राहिले असतील, अशी स्वतःची समजूत मी पुढे वीस वर्षं काढली, यांनाही तेच ऐकवलं.

आणि त्या कार्डावरची जहाजाची कारकीर्द टाइप कुणी केली होती? मीच! फ्रिगेट फ्रेंच सुतारांनी बांधली, ती अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मालाच्या जहाजांना राखत फिरली, पुढे इंग्रजांनी पकडली. नवं नाव दिलं, स्वतःच्याच देशावर तोफा डागायला लावल्या, म्हातारी झाल्यावर धक्क्याला बांधून फ्रेंच कैद्यांचा तुरुंग केला. आणि आपल्या आरमाराच्या यादीत इंग्रजांनी लिहिलं, "आमचं जहाज!" टाइप करताना मी इंग्रजांचा सात पिढ्यांचा उद्धार केला होता. माझ्या गाठी लुटल्या गेल्या तेव्हा मात्र हसत हसत कॉफी वाटली.

यंदा मॉडेल लायब्ररीत ठेवायचं ठरलं. क्लबनं तेच जुनं कार्ड लावलं. मी अध्यक्षांना फोन केला, "शिड्या मी बांधल्यात. माझं नाव घाला."

"नियमाप्रमाणे बांधणारा एकच असतो."

"ठीक आहे. मग माझ्या गाठी मी कापून नेते. नुसत्या काठ्या दाखवा लोकांना."

त्यांना थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत त्यांच्यासमोर मी चष्मा लावून पहिल्या गाठीला कात्री टेकवली, तेव्हा त्यांना कळलं. हे मागून "अगं, अगं!" करत होते. मी म्हटलं, "अगं काय? सांगा ना त्यांना!"

अखेर यांनी सांगितलं. अध्यक्षांनी माझ्यासमोर नवं कार्ड छापलं, दोन नावांचं. मी ते दोनदा वाचलं आणि मगच कात्री पर्समध्ये टाकली.

परतताना हे गाडी चालवत होते. म्हणाले, "त्या प्रदर्शनाच्या दिवशी तोंडातलं चीज केव्हाच संपलं होतं."