पक्ष्याच्या पायातली कडी
सुक्या बोंबलांचा वास आला की पालेगावच्या एका घरी, बोंबील वाळत घातलेल्या अंगणात पडलेला, वादळात भरकटलेला तो समुद्रपक्षी आठवतो. त्याच्या पायात नंबर कोरलेली कडी होती. “थांब रं, आधी पानी पाजू दे त्याला,” त्या घरच्या काकू म्हणाल्या. “आधी पंख पसरून धरा, बातमीला फोटो हवा,” वार्ताहर म्हणून गेलेला मी म्हणालो. त्यांनी त्याचे पाय मुठीत धरले. संध्याकाळी पक्षी मेला. काकूंनी तो कडीसकट परसात पुरला. बातमी वाचून एका संशोधक बाईंनी फोन केला. “पायात कडी होती का? असेल तर तिच्यावरचा नंबर सांगा. हे पक्षी कुठून कुठे जातात ते कळलं, तर वाटेत त्यांना अडकवणारी जाळी थांबवता येतील.” नंबर मी टिपलाच नव्हता, फोटोत कडीवर काकूंची मूठ होती. परस उकरता आलं असतं. मी म्हणालो, “कडी नव्हती.” नावातली चूकसुद्धा आम्ही दुसऱ्या दिवशी पेपरात दुरुस्त करतो, ही दुरुस्ती मी अजून दिलेली नाही.